एका जिवाणूवर पहारा

किल्लारीच्या भूकंपाला ज्या दिवशी वर्ष पुरे झाले, त्याच दिवशी, ३० सप्टेंबर १९९४ रोजी, पॅरिसमध्ये आंद्रे ल्वॉफ वारले. निव्वळ योगायोग. पण घाला पडला की जीव नित्याचे व्यवहार टाकून काय करतो, हे इवल्याशा जिवाणूच्या बाबतीत प्रथम त्यांच्या प्रयोगशाळेत दिसले.

जन्म १९०२ चा, फ्रान्समधल्या एका लहानशा गावी. वडील मनोरुग्णांचे डॉक्टर. एकोणिसाव्या वर्षी ल्वॉफ पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाले. मुंबईत प्लेगची लस तयार करणारे हाफकिन याच संस्थेतून हिंदुस्थानात आले होते.

काही जिवाणूंच्या पोटात एक विषाणू पिढ्यान्‌पिढ्या निपचित राहतो आणि एखाद्या दिवशी उफाळून यजमानालाच फोडतो. यावर तिथले यूजेन आणि एलिझाबेथ वोलमन हे दांपत्य काम करीत होते. ज्यू म्हणून १९४३ मध्ये नाझींनी दोघांना पकडून आउशवित्झला धाडले. ती परतली नाहीत. ल्वॉफ स्वतः नाझीविरोधी भूमिगत चळवळीत होते. युद्धानंतर भलेभले शास्त्रज्ञ या निपचित विषाणूवर विश्वास ठेवीनात, तेव्हा ल्वॉफ यांनी ते अर्धवट राहिलेले काम उचलले. मला हे त्यांच्या नोबेलपेक्षा मोठे वाटते.

पद्धत अगदी साधी. एका थेंबात एकच जिवाणू ठेवायचा आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचे. दोनाचे चार होत, विषाणूचा पत्ता नसे. मग एखादा जिवाणू अचानक फुटे. कशामुळे? नाना उपाय थकले. अखेर १९५० मध्ये सहकाऱ्यांसह त्यांनी अतिनील किरण सोडले आणि साधारण तासाभरात जवळजवळ सगळेच जिवाणू फुटले!

कारण पुढे इतरांनी उलगडले. एरवी 'लेक्सए' नावाचे प्रथिन दुरुस्तीच्या जनुकांना कुलूप घालून बसलेले असते. डीएनए तुटला की 'रेकए' हे प्रथिन त्या उघड्या धाग्याला बिलगते आणि त्याच्या संगतीत लेक्सए स्वतःच तुटते. चाळीसएक जनुके एकदम कामाला लागतात. विषाणूचे कुलूपही त्याच जातीचे, म्हणून तोही निसटतो. बुडत्या जहाजाच्या हाकेवरून या धावपळीला १९७० च्या दशकात 'एसओएस' नाव पडले. घाईच्या दुरुस्तीत चुका होतात, आणि एखादी चूक जिवाणूला औषधाला दाद न देणारा करून सोडते. सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या गोळ्या डीएनएवरच घाव घालतात, तेव्हाही हीच हाक उठते. चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून दोन गोळ्या आणून जुलाब थांबवणाऱ्या घरांनी याचा विचार करावा.

१९६५ चे नोबेल ल्वॉफ यांना झाकॉब आणि मोनो यांच्यासह मिळाले. वोलमन दांपत्याचा मुलगा एली हाही ल्वॉफ यांच्याच प्रयोगशाळेत जिवाणूंच्या जनुकांवर काम करीत नावारूपाला आला.