विश्लेषण : टोकियो, चोंगचिंग, दिल्ली… आणि सात तारा! डच मुत्सद्दी रॉबर्ट व्हान गुलिक चिनी वाद्याचे शिष्य कसे झाले?

‘व्हॉयेजर’ यानांबरोबर १९७७ मध्ये अवकाशात गेलेल्या सोनेरी तबकडीवर केसरबाई केरकर यांची भैरवी आहे, हे आपल्याकडे बहुतेकांना माहीत असते. त्या भैरवीच्या लगेच आधी काय वाजते, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही. ते आहे गुचिन, चीनचे प्राचीन तंतुवाद्य. वादक आहेत गुआन फिंगहू. त्यांच्या गुरूंपैकी एक होते बीजिंगचे ये शिमंग. याच ये शिमंग यांच्यासमोर १९३६ मध्ये एक उंचापुरा डच तरुण शिकायला बसला होता. तो टोकियोतील नेदरलँड्सच्या वकिलातीत नोकरीला होता.

गुचिन म्हणजे काय?

साधारण चार फूट लांबीची लाकडी पेटी, तिच्यावर रेशमाच्या सात तारा. पडदे नाहीत, कडेला जडवलेल्या १३ ठिपक्यांवरून बोटांची जागा कळते. आवाज इतका हळू की शेजारच्या खोलीतही नीट पोहोचत नाही. त्यामुळे हे मैफलीचे वाद्य कधीच नव्हते. विद्वान, अधिकारी, चित्रकार ते स्वतःसाठी किंवा एखाद्या मित्रासाठी वाजवत. त्याची लिपीही विलक्षण आहे. कोणती तार, कोणते बोट, कसा आघात हे ती सांगते, पण लय सांगत नाही. ती गुरूकडून घ्यायची किंवा स्वतः शोधायची. बंदिशीची वही हाती आली म्हणून गाणे येत नाही, हे आपल्याकडच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगायला नको.

व्हान गुलिक तिथवर कसे पोहोचले?

जन्म १९१०, नेदरलँड्समधील झुटफेन. वडील डच वसाहतीच्या सैन्यात डॉक्टर, त्यामुळे बालपण जावा बेटावर गेले. तिथल्या चिनी वस्तीमुळे लिपीचे वेड लागले. मायदेशी परतल्यावर संस्कृतही शिकले आणि १९३२ मध्ये, वयाच्या २२व्या वर्षी, कालिदासाच्या ‘विक्रमोर्वशीय’चा डच अनुवाद प्रसिद्ध केला. १९३५ मध्ये हयग्रीव या देवतेवर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली आणि त्याच वर्षी परराष्ट्र सेवेतून टोकियो गाठले.

ये शिमंग यांचा सहवास थोडाच लाभला. १९३७ मध्ये ते वारले. पुढे १९४० मध्ये टोकियोत छापलेला ‘द लोअर ऑफ द चायनीज ल्यूट’ हा ग्रंथ व्हान गुलिक यांनी गुरूंच्या स्मृतीला अर्पण केला. गुचिनला ‘ल्यूट’ म्हणणे तांत्रिकदृष्ट्या चूक आहे, ते झिदरच्या जातीचे वाद्य. व्हान गुलिक यांना हे ठाऊक होते. पण युरोपात ल्यूटला जी सुसंस्कृत प्रतिष्ठा होती ती त्यांना या शब्दातून सुचवायची होती. अभ्यासकांना हे आजही खटकते, आणि ते रास्तच आहे.

युद्धात संगीताचे काय झाले?

खरी कसोटी इथे लागली. १९३७ पासून जपान आणि चीन लढत होते आणि हा माणूस टोकियोत बसून चिनी वाद्याचा रियाज करत होता. १९४० मध्ये जर्मनीने नेदरलँड्स घेतले, १९४२ मध्ये जपानने जावा घेतले. त्याच वर्षी दोस्त राष्ट्रांच्या मुत्सद्द्यांसोबत त्यांना जपान सोडावे लागले. १९४३ मध्ये ते चोंगचिंगला, म्हणजे जपानी बॉम्बहल्ल्यांनी पोळलेल्या चीनच्या युद्धकालीन राजधानीत रुजू झाले.

या शहरात देशभरातून निर्वासित झालेले विद्वान, वादक, अधिकारी गोळा झाले होते. त्यांच्यातल्या गुचिनप्रेमींनी ‘थ्येनफंग’ नावाचे मंडळ काढले. वादक शू युआनबाय त्यात पुढे होते, नामवंत सुलेखनकार आणि राजकारणी यू यौरन होते, आणि गाओ लुओपेई या चिनी नावाने व्हान गुलिकही होते. सरकारी मेजवान्यांत जी माणसे चार औपचारिक वाक्ये बोलून निघून जातात, ती इथे शेजारी बसून तार जुळवत. याच शहरात वकिलातीतल्या सहकारी श्वे शिफांग यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

आणि १९४४ मध्ये त्यांनी एक धाडस केले. सतराव्या शतकात चीनमधून जपानला गेलेल्या आणि तिथे गुचिनची परंपरा रुजवणाऱ्या दोंगगाओ शिनय्वे या भिक्षूवर त्यांनी चिनी भाषेत पुस्तक काढले. शत्रूच्या देशाने आपले संगीत जपले, हे चोंगचिंगमध्ये त्या वर्षी छापणे सोपे नव्हते.

भारताशी, नागपूरशी संबंध काय?

युद्धानंतर वॉशिंग्टन, पुन्हा टोकियो आणि मग नवी दिल्ली अशा नेमणुका झाल्या. चीन-जपानमध्ये संस्कृत मंत्र ज्या भारतीय लिपीत लिहिले गेले त्या सिद्धम लिपीवरचा त्यांचा ग्रंथ १९५६ मध्ये निघाला, तो नागपुरातून. डॉ. रघुवीर यांच्या संस्थेने तो प्रसिद्ध केला.

जगाला मात्र ते ठाऊक आहेत ते ‘जज डी’ या तांगकालीन न्यायाधीशाच्या रहस्यकथांमुळे. चित्रेही त्यांनीच काढली. पुढे क्वालालंपूरला राजदूत असताना त्यांनी घरी गिबन वानरे पाळली आणि चिनी साहित्यातल्या गिबनवर पुस्तक लिहिले. सोबत वानरांच्या आवाजाची तबकडीही दिली.

त्यांच्यावर आक्षेप कोणता?

त्यांचा चीन हा जुन्या सुशिक्षित वर्गाचा चीन होता. गुचिन वाजवणाऱ्यांचे जग त्यांनी आतून ओळखले. शेतकऱ्याची गाणी, बाजारातला तमाशा त्या जगात नव्हता. जे मोडत चालले होते त्याच्याच प्रेमात ते पडले.

१९६५ मध्ये ते राजदूत म्हणून टोकियोला परतले. २४ सप्टेंबर १९६७ रोजी हेगमध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी गुरुबंधू गुआन फिंगहूही गेले. चीनमध्ये तेव्हा सांस्कृतिक क्रांती सुरू होती आणि गुचिन हे सरंजामी वाद्य ठरले होते. व्हान गुलिक यांच्या गुचिनवरील ग्रंथाची दुसरी आवृत्ती १९६९ मध्ये निघाली, तीही टोकियोतच.