शर्यत चालू असताना जेआरडींनी प्रतिस्पर्ध्याला स्वतःचे प्लग देऊन टाकले होते

नेकनूरच्या माणसाला परदेशी जाणारं विमान पकडायचं असेल, तर आधी बीड आणि मग थेट पुणे नाहीतर मुंबई गाठावी लागते. मुंबईत पोहोचलं की मात्र जगात कुठंही जायची सोय आहे. ही सोय सुरू झाली ती जुहूच्या समुद्राकाठच्या एका मैदानातून. ते मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जायचं. तिथं पहिलं टपाल घेऊन उतरले होते जहांगीर रतनजी दादाभाई टाटा, म्हणजेच जेआरडी.

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ चा, पॅरिसमधला. वडील रतनजी टाटा आणि आई सुझान फ्रेंच. फ्रान्सच्या किनाऱ्यावर हार्डेलो गावात त्यांचं घर होतं. इंग्लिश खाडी विमानानं ओलांडणारे पहिले वैमानिक लुई ब्लेरिओ यांचंही घर जवळच होतं. तिथंच पंधरा वर्षांचे असताना जेआरडी पहिल्यांदा विमानात बसले आणि वैमानिक व्हायचं त्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं.

पुढं मुंबईत फ्लाइंग क्लब सुरू झाला आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी जेआरडींना परवाना मिळाला. भारतात दिल्या गेलेल्या वैमानिकाच्या परवान्यांमधला हा पहिला.

मग आगाखानांनी बक्षीस लावलं. भारत ते इंग्लंड किंवा इंग्लंड ते भारत हे अंतर एकट्यानं उडत पार करणाऱ्या पहिल्या भारतीयाला ५०० पौंड मिळणार होते. तिघं मैदानात उतरले. मनमोहन सिंग, अस्पी इंजिनियर आणि जेआरडी. अस्पी इंग्लंडहून भारताकडं निघाले होते, तर जेआरडी कराचीहून इंग्लंडकडं.

इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ, अगदी समुद्रकाठी अबुकीरचा विमानतळ होता. जेआरडी तिथं उतरले तर समोर अस्पी अडकून पडलेले. इंजिनासाठी त्यांना स्पार्क प्लग हवे होते आणि ते मिळत नव्हते. जेआरडींकडं जादाचे प्लग होते. न देता ते पुढं निघून गेले असते, तरी त्यांना कुणी दोष दिला नसता. पण त्यांनी प्लग काढून दिले. अस्पींनी बदल्यात आपलं लाइफ जॅकेट त्यांना दिलं आणि दोघं विरुद्ध दिशांना उडाले.

अस्पी आधी पोहोचले. काही तासांच्या फरकानं जेआरडींचं बक्षीस गेलं. पुढं हेच अस्पी इंजिनियर भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले.

याच काळात नेव्हिल व्हिन्सेंट नावाचे दक्षिण आफ्रिकेचे वैमानिक टाटांकडं एक योजना घेऊन आले. परदेशातून कराचीला येणारी टपालाची पोती पुढं मुंबई आणि मद्रासला विमानानं न्यायची. टाटांनी त्यासाठी दोन लाख रुपये घातले.

१५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी पस मॉथ हे एका इंजिनाचं विमान घेऊन कराचीहून निघाले. सोबत २५ किलोच्या आसपास टपाल होतं. वाटेत अहमदाबादला इंधन भरलं. ते आलं होतं बैलगाडीतून! दुपारी विमान जुहूला उतरलं आणि तिथून पुढं टपाल घेऊन व्हिन्सेंट बेल्लारीमार्गे मद्रासला गेले.

पावसाळ्यात जुहूचं मैदान चिखलात जायचं, तेव्हा सगळा बाडबिस्तरा पुण्याला हलवला जाई. तरी पहिल्याच वर्षी धंदा नफ्यात आला. १९३८ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, जेआरडी टाटा सन्सचे अध्यक्ष झाले. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, व्हिन्सेंट विमानप्रवासातच मारले गेले. १९४६ मध्ये टाटा एअरलाइन्सची एअर इंडिया झाली. ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला झेपावलं. त्यात जेआरडीही होते.

पण १९५३ मध्ये सरकारनं सगळ्या विमान कंपन्या ताब्यात घेतल्या. जेआरडींना हा निर्णय पटला नव्हता आणि आपल्याला विश्वासात घेतलं नाही याचं त्यांना वाईटही वाटलं होतं. तरी नेहरूंनी अध्यक्षपद देऊ केलं, तेव्हा त्यांनी ते घेतलं आणि पुढची पंचवीस वर्षं पगार न घेता सांभाळलं. विमानातून प्रवास करताना ते पडद्याचा रंग, कॉफीची चव, काउंटरवरची धूळ असं सगळं टिपून घेत आणि अधिकाऱ्यांना चिठ्ठ्या धाडत. कंपनी आता आपल्या मालकीची नाही, हे त्यांच्या कामात कधी दिसलं नाही.

१ जानेवारी १९७८ ला मुंबईहून उडालेलं ‘एम्परर अशोका’ वांद्र्याच्या समुद्रात कोसळलं आणि २१३ जण दगावले. पुढच्याच महिन्यात मोरारजी देसाई सरकारनं जेआरडींना अध्यक्षपदावरून दूर केलं. १९८० मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारनं त्यांना संचालक मंडळावर परत घेतलं, पण अध्यक्षपद काही परत आलं नाही.

१५ ऑक्टोबर १९८२ ला पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे जेआरडी त्या दिवशी पुन्हा कराचीहून छोटं लेपर्ड मॉथ विमान घेऊन निघाले आणि जुहूलाच उतरले.

१९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. २९ नोव्हेंबर १९९३ ला जिनिव्हात त्यांचं निधन झालं. पॅरिसमध्ये त्यांचं दफन झालं.

२७ जानेवारी २०२२ ला एअर इंडिया परत टाटांकडं आली. ते पाहायला जेआरडी नव्हते. पण ती परत मिळेल या आशेवर त्यांनी काम केलंच नव्हतं. हातातला प्लग दिला की शर्यत जाऊ शकते, हे त्यांना अबुकीरलाही ठाऊक होतं.