जॉन मॅकग्रेगर (रॉब रॉय)

जॉन मॅकग्रेगर (२४ जानेवारी १८२५ – १६ जुलै १८९२) हे स्कॉटिश वंशाचे बॅरिस्टर, प्रवासी, लेखक आणि समाजसेवक होते. ‘रॉब रॉय’ नावाच्या छोट्या कॅनूतून त्यांनी १८६५ साली युरोपातील नद्या व सरोवरांमधून एकट्याने सुमारे १,००० मैलांचा प्रवास केला. या प्रवासावरील त्यांच्या पुस्तकामुळे कॅनू हे मनोरंजनाचे व भटकंतीचे साधन म्हणून ब्रिटनमध्ये लोकप्रिय झाले. त्यांच्या पुढाकाराने १८६६ साली स्थापन झालेला कॅनू क्लब, म्हणजेच नंतरचा रॉयल कॅनू क्लब, हा जगातील सर्वांत जुना कॅनू क्लब मानला जातो. आपल्या होडीच्या नावावरून ते स्वतःही ‘रॉब रॉय’ याच नावाने ओळखले जात. त्यांचे गाजलेले जलप्रवास त्यांनी प्रामुख्याने एकट्याने केले. मात्र त्यांतून जी परंपरा उभी राहिली ती सामूहिक भटकंतीची होती.

जन्म आणि ‘केंट’ जहाजाची दुर्घटना

मॅकग्रेगर यांचा जन्म इंग्लंडमधील ग्रेव्हझेंड येथे झाला. त्यांचे वडील डंकन मॅकग्रेगर हे ब्रिटिश सैन्याच्या ३१ व्या पलटणीत मेजर होते. जॉन अवघे काही आठवड्यांचे असताना ही पलटण ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील ‘केंट’ या जहाजातून हिंदुस्थानकडे निघाली. हे जहाज बंगालला व तेथून पुढे चीनला जाणार होते. सैनिक, त्यांची कुटुंबे आणि खलाशी मिळून जहाजावर सहाशेहून अधिक माणसे होती.

१ मार्च १८२५ रोजी बिस्केच्या उपसागरात वादळ चालू असताना जहाजाच्या तळाशी दारूच्या पिंपातून गळती झाली, हातातला दिवा पडला आणि आग भडकली. दारूगोळ्याच्या कोठारापर्यंत आग पोहोचल्यास जहाजाचा स्फोट होणार हे निश्चित होते. त्याच वेळी ‘केंब्रिया’ हे लहान जहाज जवळून जात होते. मेक्सिकोकडे निघालेल्या त्या जहाजाने मदतीसाठी आपला मार्ग बदलला. ‘केंट’वरून सोडलेल्या पहिल्या होडीत जॉन व त्यांच्या आईला उतरविण्यात आले. खवळलेल्या समुद्रात होड्यांच्या अनेक खेपा करून पाचशेहून अधिक लोकांना वाचविण्यात आले. सुमारे ऐंशी जणांचा मृत्यू झाला. जगण्याची आशा सोडलेल्या डंकन मॅकग्रेगर यांनी आपल्या वडिलांसाठी एक निरोप लिहून तो बाटलीत बंद केला होता. ते स्वतः वाचले, आणि ती बाटली सुमारे दीड वर्षानंतर बार्बाडोसच्या किनाऱ्यावर सापडली. या दुर्घटनेचा वृत्तांत त्यांनी पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला.

शिक्षण आणि समाजकार्य

मॅकग्रेगर यांचे उच्च शिक्षण डब्लिन व केंब्रिज येथील ट्रिनिटी महाविद्यालयांत झाले. केंब्रिजच्या गणित परीक्षेत १८४७ साली ते रँग्लर झाले. त्यांचा क्रमांक चौतिसावा होता. र. पु. परांजपे यांच्यामुळे महाराष्ट्राला पुढे जी पदवी परिचित झाली तीच ही पदवी होय. त्यानंतर त्यांनी लंडनच्या इनर टेंपलमध्ये कायद्याचा अभ्यास केला आणि १८५१ साली ते बॅरिस्टर झाले. यंत्रे व त्यांची एकस्वे हा त्यांच्या आवडीचा विषय होता. चरितार्थासाठी वकिलीवर अवलंबून राहण्याची गरज नसल्याने त्यांचा बराच वेळ प्रवास, लेखन आणि लोकसेवा यांत जाई.

लंडनमधील निराधार मुलांसाठी चालणाऱ्या ‘रॅगेड स्कूल’ चळवळीत ते तरुणपणीच सहभागी झाले. १८५१ साली लंडनमध्ये जागतिक प्रदर्शन भरले, तेव्हा शहरात येणाऱ्या पाहुण्यांचे बूट पुसण्याचे काम या मुलांना मिळवून देणारे पथक उभारण्यात त्यांचा प्रमुख वाटा होता. मुलांना गणवेश, ठरलेली जागा आणि कमाईतील हिस्सा मिळत असे. प्रदर्शन संपल्यावरही हे पथक चालू राहिले. स्वयंसेवी सैनिकांच्या ‘लंडन स्कॉटिश’ या दलातही ते अधिकारी होते.

‘रॉब रॉय’ची बांधणी

१८५० च्या दशकाच्या अखेरीस मॅकग्रेगर यांनी कॅनडा व अमेरिकेचा दौरा केला. तेथील मूळ रहिवाशांच्या झाडाच्या सालीच्या कॅनू त्यांच्या पाहण्यात आल्या. १८६५ साली त्यांनी लंडनमधील लँबेथ येथे आपल्या कल्पनेप्रमाणे एक होडी बांधून घेतली. तिचा सांगाडा ओक लाकडाचा आणि वरचे आच्छादन सीडर लाकडाचे होते. लांबी १५ फूट, रुंदी २८ इंच, खोली ९ इंच आणि वजन सुमारे ८० पौंड, म्हणजे ३६ किलो होते. बसण्यापुरती जागा सोडून बाकी होडी वरून झाकलेली होती. दोन्ही टोकांना पाते असलेल्या वल्ह्याने ती चालविली जाई, आणि वारा अनुकूल असल्यास लहान शीड उभारता येई. आपल्याच कुळातील अठराव्या शतकातील प्रसिद्ध बंडखोर रॉब रॉय मॅकग्रेगर याच्यावरून त्यांनी होडीला नाव दिले.

मॅकग्रेगर हिला कॅनू म्हणत असले, तरी तिचे नाते अमेरिकेतील उघड्या कॅनूपेक्षा इन्युइट लोकांच्या कयाकशी अधिक जवळचे आहे. ब्रिटनमध्ये कयाकलाही सर्रास कॅनू म्हटले जाते, त्यामागे त्यांच्या लेखनाचा मोठा प्रभाव आहे.

या होडीचे वैशिष्ट्य तिच्या वेगात नव्हते. वल्हेकऱ्याचे तोंड जाण्याच्या दिशेला असल्याने त्याला पुढचा प्रवाह व काठ दिसत. उथळ पाण्यात ती सहज तरंगे. बंधारा किंवा डोंगर आडवा आल्यास ती उचलून बैलगाडीत किंवा रेल्वेच्या डब्यात ठेवता येई. त्यामुळे एका नदीचे खोरे सोडून दुसऱ्या खोऱ्यात उतरणे एकट्या माणसाला शक्य झाले.

१८६५ चा प्रवास

१८६५ च्या उन्हाळ्यात मॅकग्रेगर थेम्स नदीतून निघाले. इंग्लिश खाडी त्यांनी आगबोटीने ओलांडली. बेल्जियममधील म्यूज, जर्मनीतील ऱ्हाइन व माइन या नद्यांतून प्रवास करून ते ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगराळ भागात पोहोचले. तेथे होडी गाडीवर घालून टिटिझे सरोवरापर्यंत नेण्यात आली. पुढे डोनाउएशिंगेन येथून त्यांनी डॅन्यूब नदीत प्रवेश केला आणि उल्मपर्यंत मजल मारली. त्यानंतर कॉन्स्टन्स, झुरिक, झुग व ल्युसर्न ही सरोवरे, रॉइस व आर या नद्या आणि पुन्हा ऱ्हाइन असा त्यांचा मार्ग होता. शेवटी फ्रान्समधील कालवे, मोझेल, मार्न व सीन या नद्यांतून ते पॅरिसला पोहोचले.

तीन महिन्यांच्या या प्रवासासाठी त्यांच्याजवळ सुमारे ९ पौंड, म्हणजे ४ किलो सामान होते. मुक्काम बहुधा गावातील खानावळीत होई. प्रवास निर्धोक नव्हता. स्वित्झर्लंडमध्ये रॉइस नदीवरील ब्रेमगार्टनजवळच्या खळाळात त्यांच्यावर जिवावरचे संकट ओढवले होते. सोबतीला कोणी नसल्याने प्रत्येक वळणावर उतरायचे की पुढे जायचे, याचा निर्णय त्यांना एकट्यालाच घ्यावा लागे.

या प्रवासावरील ‘अ थाउजंड माइल्स इन द रॉब रॉय कॅनू’ हे पुस्तक १८६६ च्या सुरुवातीस प्रसिद्ध झाले. त्यातील रेखाचित्रे मॅकग्रेगर यांनी स्वतः काढली होती. होडीची मापे, सामानाचे वजन आणि मार्गातील अडचणी यांची बारकाईने माहिती दिल्याने वाचकाला तसाच प्रवास स्वतः आखणे शक्य झाले. पुस्तकाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या.

कॅनू क्लबची स्थापना

पुस्तक वाचून अनेकांनी ‘रॉब रॉय’सारख्या होड्या बांधून घेतल्या. २५ जुलै १८६६ रोजी लंडनजवळील रिचमंड येथील ‘स्टार अँड गार्टर’ या हॉटेलात मॅकग्रेगर यांच्या पुढाकाराने बैठक झाली आणि कॅनू क्लबची स्थापना झाली. मॅकग्रेगर क्लबचे कॅप्टन झाले. १८६७ साली युवराज, म्हणजे पुढील काळातील सातवे एडवर्ड, क्लबचे कमोडोर झाले. १८७३ साली राणी व्हिक्टोरियाच्या संमतीने क्लबच्या नावात ‘रॉयल’ हा शब्द आला.

क्लबची उद्दिष्टे शर्यतींपुरती मर्यादित नव्हती. कॅनूच्या बांधणीत सुधारणा करणे, कॅनू चालविणाऱ्यांना एकत्र आणणे, जलप्रवास आखणे व त्यांच्या नोंदी ठेवणे यांचा त्यांत समावेश होता. वार्षिक मेळाव्यात क्लबचे कामकाज, उघड्यावरील मुक्काम, वल्हवणे, शीड चालविणे आणि जमीन व पाणी दोन्हींवरून होणाऱ्या शर्यती अभिप्रेत होत्या. एका सदस्याने पार केलेल्या नदीची नोंद दुसऱ्याला उपयोगी पडावी, ही यामागील व्यवस्था होती. एकट्या प्रवाशाला ठेच लागून मिळालेले ज्ञान अशा रीतीने समूहाच्या मालकीचे झाले. पुढे जगभरातील भटकंती क्लबांनी मार्गनोंदी, सहलींचे वेळापत्रक व वार्षिक शिबिर ही पद्धत स्वीकारली. तिची एक सुरुवातीची मांडणी येथे आढळते.

पुढील प्रवास

१८६६ साली मॅकग्रेगर यांनी आधीपेक्षा लहान व हलक्या कॅनूतून नॉर्वे, स्वीडन व डेन्मार्क या देशांत प्रवास केला. त्यावरील ‘द रॉब रॉय ऑन द बाल्टिक’ हे पुस्तक १८६७ साली आले. त्याच वर्षी पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनासाठी ते २१ फूट लांबीच्या शिडाच्या नौकेतून एकटे गेले आणि परतताना त्यांनी ल हाव्र येथून खुल्या समुद्रातून एकट्याने इंग्लंडचा किनारा गाठला.

१८६८–६९ मधील पूर्वेकडील प्रवास सर्वांत धाडसी होता. सुवेझ कालव्याचे खोदकाम पूर्ण होत आले होते. मॅकग्रेगर यांनी कालवा, तांबडा समुद्र, नाईलचा त्रिभुज प्रदेश, दमास्कसच्या नद्या, जॉर्डन नदी आणि गॅलिलीचे सरोवर येथे कॅनू चालविली. या वेळी होडीत झोपण्याची सोय केलेली होती आणि जमिनीवर तंबू व नोकरांचा काफिला सोबत होता. जॉर्डनच्या उगमाजवळील हुला येथे स्थानिक अरबांनी त्यांना पकडले आणि ते आत बसलेले असतानाच होडी खांद्यावर उचलून आपल्या शेखाच्या तंबूकडे नेली. वाटाघाटींनंतर त्यांची सुटका झाली. हुला येथील पपायरस वनस्पतीच्या दाट दलदलीतून वाहणाऱ्या प्रवाहाचे त्यांनी केलेले वर्णन व नकाशे भौगोलिकदृष्ट्या मोलाचे ठरले. या प्रवासावरील पुस्तक १८६९ साली प्रसिद्ध झाले.

अखेरची वर्षे

प्रवासांवर व्याख्याने देऊन मिळालेली रक्कम मॅकग्रेगर सेवाभावी संस्थांना देत. १८७० साली लंडन स्कूल बोर्डाच्या पहिल्या निवडणुकीत ते ग्रिनिच विभागातून निवडून आले. १८७३ साली त्यांचा विवाह अ‍ॅनी कॅफिन यांच्याशी झाला. त्यांना दोन मुली होत्या. १६ जुलै १८९२ रोजी बोर्नमथजवळील बॉस्कम येथे त्यांचे निधन झाले. एडविन हॉडर यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र १८९४ साली प्रसिद्ध झाले.

प्रभाव

लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांनी १८७६ साली एका मित्रासह बेल्जियम व फ्रान्समधून कॅनूप्रवास केला आणि १८७८ साली त्यावर आपले पहिले प्रवासवर्णन प्रसिद्ध केले. अमेरिकेत १८७१ साली न्यूयॉर्क कॅनू क्लब आणि १८८० साली अमेरिकन कॅनू असोसिएशन स्थापन झाली. रॉयल कॅनू क्लबचे सदस्य वॉरिंग्टन बेडन-पॉवेल यांनी ‘नॉटिलस’ नावाच्या कॅनू विकसित केल्या. त्यांचे धाकटे बंधू रॉबर्ट यांनी लहानपणी भावांसह होड्यांतून भटकंती केली होती. पुढे त्यांनी बालवीर चळवळ सुरू केली.

हलके सामान, स्वतःच्या अंगबळावर चालणारे वाहन आणि गरजेनुसार रेल्वेचा आधार हे सूत्र लवकरच जमिनीवरही दिसू लागले. १८७८ साली इंग्लंडमध्ये बायसिकल टूरिंग क्लबची स्थापना झाली. थॉमस हायरम होल्डिंग या शिंप्याचा व्यवसाय करणाऱ्या प्रवाशाने १८७० च्या दशकात स्कॉटलंडमध्ये कॅनूतून फिरताना तंबूत मुक्काम केले आणि नंतर तोच तंबू सायकलवर लादला. त्यांनी १९०१ साली सायकलवरून तंबू घेऊन फिरणाऱ्यांची संघटना स्थापन केली. तिच्यातूनच पुढे ब्रिटनमधील कॅम्पिंग अँड कॅरव्हॅनिंग क्लब विकसित झाला.

मूल्यमापन

मॅकग्रेगर यांनी कॅनूचा शोध लावला असे म्हणता येत नाही. आर्क्टिक व उत्तर अमेरिकेतील समाजांनी या होड्या शिकार व दळणवळणासाठी शतकानुशतके वापरल्या होत्या. मॅकग्रेगर यांचा प्रवास फुरसत व पैसा असलेल्या वर्गातील माणसाचा होता. खानावळी, भाड्याच्या गाड्या आणि हमाल यांच्याविना तो पार पडला नसता. क्लबमध्येही कालांतराने शिडाच्या शर्यतींना महत्त्व आले आणि त्यासाठीच्या कॅनू अधिक गुंतागुंतीच्या होत गेल्या. खांद्यावर उचलून नेता येणाऱ्या होडीची मूळ कल्पना त्यामुळे काहीशी मागे पडली. असे असले तरी, मोठी नौका किंवा खलाशी नसलेल्या माणसालाही दूरचा जलप्रवास करता येतो हे त्यांनी दाखवून दिले, आणि त्यासाठी लागणारी माहिती स्वतःपुरती न ठेवता ती इतरांसाठी खुली केली. वल्हवणे, सायकल आणि तंबूतील मुक्काम यांवर आधारलेल्या आजच्या क्लबांच्या इतिहासात त्यांचे स्थान या कारणाने महत्त्वाचे मानले जाते.