कोलोबेंगचे घर

डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचे नाव आफ्रिकेतील नद्या, सरोवरे व धबधबे यांच्याशी कायमचे जोडले गेले आहे. परंतु या थोर प्रवाशाला एक घर होते, पत्नी होती, मुले होती. त्यांच्या प्रवासांची किंमत त्या घराने किती मोजली, हे जाणल्यावाचून त्यांचे चरित्र पुरते समजत नाही.

लिव्हिंग्स्टन यांचा जन्म १९ मार्च १८१३ रोजी स्कॉटलंडमधील ब्लँटायर या गावी एका गरीब कुटुंबात झाला. वयाच्या दहाव्या वर्षी ते सुताच्या गिरणीत कामाला लागले. तेथे सकाळी सहापासून रात्री आठपर्यंत राबावे लागे. पहिल्या मजुरीतून त्यांनी लॅटिन भाषेचे व्याकरण विकत घेतले. यंत्रावर पुस्तक टेकवून, काम करता करता ते एकेक वाक्य वाचीत. पुढे वैद्यकाचा अभ्यास पुरा करून, लंडन मिशनरी सोसायटीचे धर्मोपदेशक म्हणून ते १८४१ साली दक्षिण आफ्रिकेत उतरले. तेथील लोकांची भाषा नीट यावी म्हणून सुमारे सहा महिने ते सर्व युरोपियनांपासून दूर, त्या लोकांतच जाऊन राहिले.

१८४५ साली त्यांचा विवाह मेरी मोफात यांच्याशी झाला. मेरीबाई कुरुमानचे ज्येष्ठ मिशनरी रॉबर्ट मोफात यांच्या कन्या. त्यांचा जन्मच आफ्रिकेत झाला होता. त्यामुळे तेथील भाषा व चालीरीती त्यांना चांगल्या अवगत होत्या. १८४७ साली या दांपत्याने, आज बोट्स्वानात असलेल्या कोलोबेंग नदीच्या काठी बिऱ्हाड केले. बाक्वेना लोकांचा राजा सेचेले हाही आपल्या प्रजेसह तेथेच राहावयास आला.

जवळपास ना बाजार, ना दुकान. घर लिव्हिंग्स्टन यांनी स्वतःच्या हातांनी बांधले. सुतार, लोहार, माळी आणि वैद्य ही सर्व कामे ते एकटेच करीत. मेरीबाई पीठ मळून, वारुळात कोरलेल्या भट्टीत पाव भाजीत. मेणबत्त्या त्या साच्यांत ओतून घरीच करीत. साबणासाठी लाकडाच्या राखेचे पाणी कित्येक आठवडे उकळावे लागे.

कुटुंबाचा दिवस पहाटे सुरू होई. प्रार्थना व न्याहारी आटोपली की शाळा भरे. तिच्यात मुलांबरोबर मोठी माणसेही शिकत. राजा सेचेले याने तर मुळाक्षरे एका दिवसात आत्मसात केली. अकराच्या सुमारास शाळा सुटे आणि घरकामाला आरंभ होई. दुपारच्या विश्रांतीनंतर, उन्हाची पर्वा न करता, मेरीबाई लहान मुलांची शाळा घेत. तिला साठ ते शंभर मुले येत. काही दिवशी त्या मुलींना शिवणकामही शिकवीत.

परंतु पावसाने पाठ फिरवली. एकामागून एक वर्षे कोरडी गेली, नदी आटली, पिके करपली. धान्य शेकडो मैलांवरील कुरुमानहून येई. टोळधाड आली की लोक टोळ भाजून खात, आणि लिव्हिंग्स्टन कुटुंबही ते आवडीने खाई. मोठ्या बेडकांचे मांस तर त्यांच्या मुलांना फार रुचे.

दिवसभराच्या श्रमांनी थकलेल्या पित्याला संध्याकाळी मुलांशी खेळण्याचे त्राण उरत नसे. मुले लवकरच मोठी होऊन दूर गेली, तेव्हा या गोष्टीची खंत लिव्हिंग्स्टन यांना फार लागली.

उत्तरेकडील अज्ञात प्रदेशाची ओढ त्यांना स्वस्थ बसू देत नव्हती. १८५० साली ते पत्नी व मुलांसह निघाले. त्या प्रवासानंतर जन्मलेली एलिझाबेथ ही बालिका काही आठवड्यांतच मरण पावली. १८५१ साली ते पुन्हा सहकुटुंब निघाले. वाटाड्या पळून गेला, गाड्यांतील पाणी संपले आणि मुले तहानेने व्याकूळ झाली. पाचव्या दिवशी दुपारी माणसे पाणी घेऊन परतली, तेव्हा जिवात जीव आला. त्या भयंकर काळात मेरीबाईंनी पतीला एका शब्दानेही दोष दिला नाही.

अखेर १८५२ साली लिव्हिंग्स्टन यांनी पत्नी व मुलांना केपटाउनहून इंग्लंडला पाठविले. त्याच वर्षी बोअर लोकांनी सेचेलेच्या वस्तीवर हल्ला केला आणि कोलोबेंगचे घर लुटले. लिव्हिंग्स्टन यांनी आफ्रिका खंड पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत ओलांडला. त्या काळात मेरीबाईंनी परदेशासारख्याच वाटणाऱ्या इंग्लंडात हालअपेष्टांत दिवस काढले. चार वर्षांहून अधिक काळानंतर पतिपत्नींची भेट झाली. पुढे झांबेझी नदीच्या मोहिमेवर असलेल्या पतीकडे त्या १८६२ साली पुन्हा गेल्या. पण तापाने आजारी पडून २७ एप्रिल रोजी शुपांगा येथे त्यांचे निधन झाले.

प्रवासात लिव्हिंग्स्टन यांनी गुलामांचा व्यापार डोळ्यांनी पाहिला. त्याचा नायनाट करणे हे त्यांचे जीवितकार्य बनले. १८६४ साली आपली लहानशी आगबोट हाकीत ते पंचेचाळीस दिवसांत मुंबईस पोहोचले. तेथे चुमा या आफ्रिकी मुलाला त्यांनी शाळेत ठेवले. नाशिकजवळच्या शरणपूर येथील शाळेत गुलामीतून सुटलेली आफ्रिकी मुले शिकत. शेवटच्या मोहिमेवर निघताना लिव्हिंग्स्टन यांनी चुमाबरोबर तेथील काही तरुणांनाही घेतले.

१ मे १८७३ रोजी, आज झांबियात असलेल्या चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन निवर्तले. सुसी, चुमा आणि त्यांच्या सोबत्यांनी त्यांचे हृदय तेथेच पुरले. देह वाळवून, हजार मैलांहून अधिक अंतर वाहून त्यांनी तो समुद्रकिनाऱ्यास आणला. हृदय पुरताना प्रार्थना वाचणारा जेकब वेनराइट हा शरणपूरच्या शाळेचाच विद्यार्थी होता. त्याच वर्षी झांझिबारचा गुलामांचा बाजार कायमचा बंद झाला.

लिव्हिंग्स्टन यांना १८७४ साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत मूठमाती देण्यात आली. मेरीबाई झांबेझीच्या काठी विसावल्या आहेत, तर चिमुकली एलिझाबेथ कोलोबेंगला. थोरला मुलगा रॉबर्ट याने अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६४ साली प्राण गमावला. एका छपराखाली पाव भाजणारे, शिकणारे आणि शिकविणारे हे कुटुंब असे तीन खंडांत विखुरले. थोर पुरुषांच्या कार्याचा गौरव करताना, त्यांच्या घरच्या माणसांनी मूकपणे केलेला त्यागही आपण स्मरणात ठेवला पाहिजे.