५३-एन क्रमांकाची बाटली : हाफकिन यांचं आयुष्य आणि औषधावरचं लेबल

किहीमच्या जुन्या घराचा माळा झाडताना जाड काचेची, बूच लावलेली औषधाची बाटली मिळाली, तर तुम्हाला ती टाकवत नाही. अशा बाटल्या जमवणारे लोक मूळ लेबल शाबूत असलेल्या बाटलीला जास्त मोल देतात. डॉक्टरांनाही लेबल मोलाचं वाटतं. का, ते हाफकिन यांच्या आयुष्यावरून समजेल.

लस शोधणारा माणूस

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० मध्ये ओदेसा इथे झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८९२ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला, तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या छोट्या प्रयोगशाळेत त्यांनी प्लेगची लस बनवली. १० जानेवारी १८९७ रोजी तीही त्यांनी आधी स्वतःलाच टोचली.

मुल्कोवालची दुर्घटना

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना लस दिली गेली. त्यातले १९ जण धनुर्वाताने दगावले. या सगळ्यांना ५३-एन क्रमांकाच्या एकाच बाटलीतली लस दिली होती. इतर बाटल्यांमधली लस घेतलेले लोक ठणठणीत होते. तरी दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला आणि त्यांना पदावरून दूर व्हावं लागलं.

पुढे उलगडा झाला. ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच तो वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी हाफकिन यांची बाजू लावून धरली आणि १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे त्यांचं निधन झालं. परळच्या त्यांच्या प्रयोगशाळेला १९२५ पासून त्यांचंच नाव आहे.

बाटलीवर क्रमांक नसता, तर दोष एका बाटलीपुरता होता हे कळलंच नसतं.

तुम्ही काय कराल?

- औषध मूळ बाटलीतच ठेवा. बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख फाडू किंवा खरवडू नका.
- लसीकरणाचं कार्ड जपा. त्रास झाला तर ते डॉक्टरांना दाखवा.
- औषधाच्या रिकाम्या बाटलीत रॉकेल किंवा फिनेल भरू नका. मुलं औषध समजून ते पितात.
- जुन्या बाटलीत औषध उरलं असेल, तर बूच उघडू नका, वास घेऊ नका, चव तर नकोच. पूर्वीच्या औषधांत पारा, आर्सेनिक किंवा अफू असे. बाटली मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.
- चुकून कुणी असं काही प्यायलंच, तर उलटी करवू नका. बाटली लेबलासकट घेऊन लगेच रुग्णालय गाठा.