एमिल हान्सन : एका पेशीपासून बिअर घडवणारा रंगारी

डेन्मार्कमधल्या रीबे गावी १८४२ साली एमिल ख्रिश्चन हान्सन यांचा जन्म झाला. घरची गरिबी. त्यामुळे तरुणपणी त्यांनी घरांना रंग देण्याचे काम केले, नंतर शिकवण्या घेतल्या. शेणावर वाढणाऱ्या बुरशींवरील निबंधाला १८७६ मध्ये कोपनहेगन विद्यापीठाचे सुवर्णपदक मिळाले आणि पुढे कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेची दारे उघडली.

या कारखान्याचे मालक याकोबसन यांनी १८४५ मध्ये म्युनिकहून यीस्ट आणले होते. ते काम संपले की गुठळ्या धरून तळाशी बसे आणि वर नितळ बिअर उरे. पण १८८० नंतर बिअर कडवट होऊ लागली. बिघाड जिवाणूंमुळे होतो, असे पाश्चर यांनी सांगितले होते. हान्सन यांना मात्र दोष यीस्टमध्येच दिसला. टाकीत चांगल्या यीस्टसोबत रानटी यीस्टही वाढत होते. काही जातींनी बिअर कडू होई, तर काहींनी गढूळ.

उपाय सांगायला सोपा, करायला किचकट होता. यीस्टचे मिश्रण इतके पातळ करायचे की थेंबात सरासरी एखादीच पेशी यावी आणि त्या एका पेशीपासून सगळे यीस्ट वाढवायचे. याकोबसन आधी साशंक होते. तरीही १८८३ मध्ये असे शुद्ध यीस्ट कारखान्यात वापरले गेले आणि बिअर सुधारली. याकोबसन यांनी ते इतर कारखान्यांनाही मोफत दिले.

गुठळ्या का होतात, याचे उत्तर हान्सन यांच्यानंतर मिळाले. यीस्टच्या पेशीभित्तिकेत आत ग्लुकानची जाळी असते आणि बाहेर मॅनोज साखरेच्या साखळ्या जोडलेली प्रथिने. भित्तिकेतून डोकावणारी काही खास प्रथिने शेजारच्या पेशीवरचे मॅनोज पकडतात. त्यासाठी कॅल्शियम लागते. द्रावात साखर भरपूर असेपर्यंत तीच या प्रथिनांना चिकटून राहते, म्हणून पेशी सुट्या फिरतात. साखर सरली की पकड बसते आणि साका खाली जातो. घाईने बसला तर साखर न आंबता राहते, उशीर झाला तर बिअर गढूळ. ही प्रथिने जनुकांवर ठरत असल्याने प्रत्येक वाणाची बसण्याची वेळ वेगळी असते. एकाच पेशीचा वंश वापरल्यावर ती वेळ बरीचशी भरवशाची झाली.

हान्सन यांनी १९०८ मध्ये या यीस्टला सॅकरोमायसीस कार्ल्सबर्गेन्सिस हे नाव दिले आणि १९०९ मध्ये त्यांचे निधन झाले. आज ते नाव मागे पडले आहे. आता त्याला सॅकरोमायसीस पास्टोरिएनस म्हणतात. गंमत म्हणजे, बिअर कडू करणाऱ्या रानटी यीस्टला हान्सन याच नावाने ओळखत!