डॉ. बाबासाहेब आंबेडकर : आपल्या ज्ञातीवरील एक ऋण

राज्यकर्ता निवर्तला म्हणजे निशाणे अर्ध्यावर उतरतात, कचेऱ्या बंद होतात, आणि मोटारींची रांग स्मशानापर्यंत लागते. यांतील बरेचसे हुकुमाने होते. परंतु ज्याच्या हाती ना अधिकार, ना देणगी, ना नोकरी देण्याची शक्ती, असा विरोधी बाकावरचा पुरुष जेव्हा देह ठेवतो, तेव्हा त्याच्या मागून जाणारा प्रत्येक माणूस स्वतःच्या पायांनी व स्वतःच्या मनाने गेलेला असतो. अशा पुरुषाची खरी किंमत त्या दिवशी कळते. आणि जे त्याच्या मागून गेले नाहीत, त्यांचीही किंमत त्याच दिवशी कळते.

आपल्या कुणबी ज्ञातीच्या या वार्षिक स्मरणिकेत दर वर्षी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र छापण्याचा प्रघात आहे. यंदा ते काम आमच्याकडे आले, तेव्हा आम्ही डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचे चरित्र निवडले. ते आपल्या ज्ञातीचे नव्हते, मग आपल्या अंकात कशासाठी, असे काही वाचक विचारतील. त्यांनी हा लेख शेवटपर्यंत वाचावा, एवढीच विनंती.

आमचे सव गाव सावित्रीच्या काठी आहे. येथील उन्हाळ्यांच्या कुंडांत स्नानास येणारे लोक ज्या नदीकडे पाहतात, तीच नदी पुढे बाणकोटच्या खाडीस मिळते. आणि तिच्या दक्षिणेकडील डोंगरांत, मंडणगड तालुक्यात, आंबडवे हे बाबासाहेबांचे मूळ गाव आहे. म्हणजे हा पुरुष आपल्याच पाणलोटातला. त्यांचे वडील सुभेदार रामजी हे लष्करात होते; त्यामुळे १४ एप्रिल १८९१ रोजी भीमरावांचा जन्म दूर महू येथील छावणीत झाला. बालपण दापोली, सातारा व मुंबई येथे गेले. शाळेत त्यांना वेगळे बसावे लागे, पाण्याच्या भांड्यास हात लावण्याची मोकळीक नसे. आम्ही पस्तीस वर्षे शाळेत मुलांना शिकविले. मुलाला तहान लागली असता त्याला पाण्यापासून दूर ठेवणे म्हणजे काय, हे शिक्षकाला निराळे सांगावे लागत नाही.

१९०७ साली ते मॅट्रिक झाले. त्या प्रसंगी कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकाने त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले, व पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे त्यांच्यासाठी शब्द टाकला. एका शिक्षकाने दिलेल्या त्या पुस्तकाचे फळ जवळजवळ पन्नास वर्षांनी नागपुरास दिसले. महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले, नंतर लंडनला गेले. अर्थशास्त्रातील सर्वोच्च पदव्या मिळवून बॅरिस्टर झाले, आणि १९२३ साली मायदेशी परतले.

यापुढील कथा आपल्या महाडची आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावेत असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी १९२३ साली मंजूर करून घेतला होता, आणि त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांस मोकळे केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला; तळ्यावर जाण्याचे धैर्य कोणास झाले नाही. २० मार्च १९२७ रोजी परिषदेस जमलेल्या हजारो लोकांसह बाबासाहेब तळ्यावर गेले व त्यांनी ओंजळभर पाणी घेतले. त्या तळ्यावर गुरे पाणी पीत. माणसांस बंदी होती. नगरपालिकेचे पुढारी सुरेंद्रनाथ टिपणीस हे स्पृश्य गृहस्थ असूनही या कार्यात त्यांच्या पाठीशी उभे राहिले, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे.

परंतु त्याच दिवशी दुसरेही घडले. हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी हूल उठली, आणि लाठ्या घेतलेल्या जमावाने परिषदेच्या माणसांस मंडपात व रस्त्यांत गाठून मारले. गावोगाव निरोप गेले व परतणाऱ्या लोकांस वाटेतही मार बसला. काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा घ्यावा लागला. बाबासाहेबांनी आपल्या लोकांस उलट हात उचलू दिला नाही. पुढे तळ्याची पंचगव्याने शुद्धी करण्यात आली. डिसेंबरात दुसरी परिषद भरली, तिला जागा देण्यास फत्तेखान नावाचे मुसलमान गृहस्थ पुढे आले. २५ डिसेंबर १९२७ रोजी तेथे मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याचा खटला दहा वर्षे चालला, आणि १९३७ च्या मार्चमध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयाने निकाल बाबासाहेबांच्या बाजूने दिला.

वाचकहो, येथे आम्ही क्षणभर थांबतो. ज्या गावांत ते निरोप गेले, त्या गावांत कोण राहत होते? महाड व पोलादपूरच्या खेड्यांत बहुसंख्य वस्ती कोणाची? त्या लाठ्यांत आपल्या ज्ञातीचा एकही हात नव्हता, असे छातीवर हात ठेवून आपणांस म्हणता येईल काय? आम्हांस तरी म्हणता येत नाही. आणि याच पार्श्वभूमीवर पुढील हकीकत वाचावयाची आहे.

त्या काळी तेव्हाच्या कुलाबा व रत्नागिरी जिल्ह्यांतील पुष्कळ गावांत खोती होती. सरकारचा सारा भरण्याचे काम खोताकडे, आणि त्या बळावर जमीन कसणाऱ्या कुळाचा खरा धनीही खोतच. पिकाचा मोठा वाटा खोताच्या कोठारात जाई, वर वेठ निराळी. पिढ्यान्‌पिढ्या दळी फोडून, बांध घालून, भाताची खाचरे ज्याने तयार केली, त्याला त्याच जमिनीतून केव्हा उठावे लागेल याचा नेम नसे. ही कुळे कोण होती? बहुतांशी आपण कुणबी, आगरी बंधू आणि महार बंधू. अलिबाग तालुक्यात चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी १९३३ सालापासून जमिनी कसण्याचे नाकारून जो संप केला, तो वर्षानुवर्षे चालला. बाबासाहेबांनी तेथे जाऊन त्या शेतकऱ्यांस धीर दिला.

१९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३७ च्या निवडणुकीत या पक्षाचे दहाहून अधिक उमेदवार मुंबईच्या विधिमंडळात गेले. मंत्रिमंडळ काँग्रेसचे, मुख्य प्रधान बाळासाहेब खेर. बाबासाहेब विरोधी बाजूस. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोतास वाजवी भरपाई द्यावी, आणि जमीन प्रत्यक्ष कसणाऱ्या कुळास कब्जेदाराचे हक्क द्यावेत, असा त्याचा आशय होता. विधेयकाच्या पाठीशी लोक आहेत हे दाखविण्यासाठी १० जानेवारी १९३८ रोजी ठाणे, कुलाबा, रत्नागिरी, सातारा व नाशिक या जिल्ह्यांतील हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा त्यांनी मुंबईच्या विधिमंडळावर नेला. फाटक्या घोंगड्या पांघरलेले, अनवाणी पायांचे लोक राजधानीच्या रस्त्यांवर आपला हक्क मागत चालले होते.

अकरा वर्षांपूर्वी ज्यांच्या माणसांना आपल्या परिसरात मार बसला, त्याच पुरुषाने आपल्या जमिनीसाठी कायद्याचा मसुदा हाती घेतला. त्याने जातीचा हिशेब मांडला नाही. राबणाऱ्याचा हिशेब मांडला. विधेयक त्या वेळी मंजूर झाले नाही, कारण विरोधी बाकावर मते थोडी असतात. परंतु विरोधी पुरुषाने पेरलेले बी पुष्कळदा राज्यकर्त्याच्या अंगणात उगवते. मुंबई राज्यात खोती नष्ट करण्याचा कायदा १९४९ साली झाला व १९५० च्या मे महिन्यात तो अमलात आला.

स्वातंत्र्य आले तेव्हा देशाने या विरोधकासच घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद दिले व कायदेमंत्री केले. परंतु स्त्रियांस वारसा व विवाहाचे हक्क देणारे हिंदू संहिता विधेयक रखडत ठेवण्यात आले, तेव्हा सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, आणि ते पुन्हा विरोधी बाजूस येऊन बसले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबईत त्यांचा पराभव झाला. १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही तेच घडले. घटनेने ज्यांस मताचा अधिकार मिळाला, त्यांनीच घटनेच्या शिल्पकारास दोनदा परत पाठविले. ते राज्यसभेत बसून आपले काम करीत राहिले. प्रकृती ढासळत चालली होती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली.

त्यानंतर दोन महिनेही गेले नाहीत. ६ डिसेंबर १९५६ च्या पहाटे दिल्लीतील अलीपूर मार्गावरील निवासस्थानी झोपेतच त्यांची प्राणज्योत मालवली. लोकसभेत पंडित नेहरूंनी, हिंदू समाजातील जुलमी रूढींविरुद्धच्या बंडाचे ते प्रतीक होते, अशा आशयाचे उद्गार काढून श्रद्धांजली वाहिली, आणि त्या दिवसाचे कामकाज तहकूब झाले. ज्याच्याशी वारंवार मतभेद झाले त्याच्या निधनाने सभागृह थांबले, यात त्या काळच्या राजकारणाची शोभा होती.

परंतु सभागृहातील शोक निराळा आणि मुंबईच्या रस्त्यांवरील शोक निराळा. रात्री विमानाने त्यांचे पार्थिव मुंबईस आणून दादरच्या राजगृहात ठेवण्यात आले. बातमी चाळींतून, गिरण्यांतून, गोद्यांतून आधीच पसरली होती. लोक रात्रभर रांगेत उभे होते. गावोगावाहून मिळेल त्या वाहनाने येत होते. ७ डिसेंबरला अनेक गिरण्यांत कामगार कामावर गेलेच नाहीत. दुपारी निघालेली अंत्ययात्रा पोयबावडी, परळ, एल्फिन्स्टनचा पूल या मार्गाने दादरच्या समुद्रकिनारी पोहोचेपर्यंत सायंकाळ झाली. ज्या मुंबईने चार वर्षांपूर्वी त्यांना मतपेटीत हरविले, तीच मुंबई त्या दिवशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंस उभी होती.

आणि तेथे जे घडले ते फार थोड्या स्मशानांत घडले असेल. मुंबईतही डिसेंबरात दीक्षेचा सोहळा करण्याची बाबासाहेबांची योजना होती. ती अपुरी राहू नये म्हणून चितेच्या साक्षीने भदंत आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्यांस दीक्षा दिली, आणि लाखभर लोकांनी ती घेतली. लोक रडून घरी परतले नाहीत. त्यांनी आपल्या नेत्याचे राहिलेले काम त्याच्या देहासमोर पुरे केले. शोकाचे कृतीत रूपांतर कसे होते, याचे याहून मोठे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

आता आमच्या घरची एक गोष्ट सांगतो. आमचे एक चुलते तेव्हा परळच्या गिरणीत बदली कामगार होते. आमचा जन्म त्यानंतरचा. परंतु ही हकीकत त्यांच्या तोंडून आम्ही अनेकदा ऐकली. अंत्ययात्रा पोयबावडीवरून गेली, तेव्हा ते कडेच्या पदपथावर उभे होते. त्यांच्याच खात्यात काम करणारे महार सोबती पुढून गेले, त्यांनी हाताने खूण करून बोलाविले. चुलत्यांचा पाय उचलला आणि पुन्हा खाली आला. खोलीतले गाववाले काय म्हणतील, गावी कळले तर काय होईल, हा विचार आडवा आला. यात्रा दिसेनाशी होईपर्यंत ते उभे राहिले आणि मग खोलीवर परतले.

पुढे खोती गेलेल्या जमिनीचा सातबारा आमच्या आजोबांच्या नावे झाला. कूळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन आला, कसणाऱ्यास मालक मानले गेले. चुलते सुटीवर गावी आले म्हणजे खाचराच्या बांधावर बसून म्हणत, की या जमिनीसाठी जो माणूस सर्वांआधी कायदा घेऊन उभा राहिला, त्याच्यामागून आपल्याला शंभर पावले चालता आले नाही. वृद्धापणी त्यांना पुष्कळ गोष्टींचा विसर पडला. ही मात्र शेवटपर्यंत आठवत होती.

वाचकहो, चुलत्यांचे ते न उचललेले पाऊल हे त्यांचे एकट्याचे नव्हते. ते आपल्या ज्ञातीचे होते. त्या दिवशी जे चालले त्यांना आपण कोण आहोत हे ठाऊक होते. जे कडेला उभे राहिले, त्यांपैकी कित्येकांच्या शेतावर या पुरुषाचे उपकार होते, आणि ते त्यांना कोणी सांगितलेही नव्हते. शाळेच्या पुस्तकात घटनेचे शिल्पकार म्हणून त्यांचे नाव येते. कुळांचा वकील म्हणून ते क्वचितच येते. म्हणून आपली मुले त्यांना दुसऱ्या कोणाचे पुढारी समजतात.

त्यांच्या निधनानंतरच्या १९५७ च्या निवडणुकीत त्यांचे सहकारी दादासाहेब गायकवाड नाशिकहून लोकसभेत निवडून गेले. त्याच वर्षी रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली. १९९० साली राष्ट्राने बाबासाहेबांना मरणोत्तर भारतरत्न दिले. दर ६ डिसेंबरास चैत्यभूमीवर लाखो लोक येतात; त्यांना कोणी आमंत्रण धाडीत नाही. सत्तेवरील कितीतरी मोठ्या माणसांची नावे तेवढ्या काळात विस्मरणात गेली.

सदस्य कुटुंबांस आमची सूचना लहानशी आहे. महाड येथून दूर नाही. दर वर्षी २० मार्चला आपण आपल्या नातवंडांस हाताशी धरून चवदार तळ्यावर न्यावे. तेथे त्यांना दोन गोष्टी सांगाव्यात : या ठिकाणी माणसांना पाणी नाकारले गेले, त्यात आपल्या पूर्वजांचाही दोष असू शकेल; आणि ज्याला ते नाकारले, त्यानेच पुढे आपल्या शेतासाठी विधेयक मांडले. घरी परतल्यावर आपला सातबारा काढून त्यांच्या हाती द्यावा. चुलत्यांचे राहिलेले शंभर पाऊल आपण चालून पुरे करू शकतो. त्यासाठी उशीर झाला असला, तरी वेळ गेलेली नाही.